साहेब, आधी उजाडू द्या

मा. अध्यक्षसाहेब,


तुमच्या शाळेची घंटा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी होते. जानेवारीच्या मध्यावर नाशकात सूर्य उगवतो तो सव्वासातला दोन-तीन मिनिटं कमी असताना. म्हणजे तुमची प्रार्थना सुरू झालेली असते, पहिलीतली पोरं हात जोडून ओळीत उभी असतात आणि सूर्याचा अजून पत्ता नसतो. शाळेच्या शिस्तीचा तुम्हाला फार अभिमान. दर स्नेहसंमेलनात तुम्ही तो बोलून दाखवता. यंदा बोलाल तेव्हा एवढं जोडा, की आमच्या शाळेत सूर्य रोज उशिरा येतो आणि त्याला वर्गाबाहेर उभं करणं तेवढं आम्हाला अजून जमलेलं नाही.

थंडीला मी बोल लावत नाही. ती तिच्या महिन्यात येते, गव्हा-हरभऱ्याला ती हवीच असते. आमच्या आज्या-पणज्यांनी तिच्याशी जमवून घेतलं, आम्हीही घेतो. लहान मूल असलेल्या घराला हिवाळा जड होतो तो तुमच्या वेळापत्रकामुळे. म्हणून पत्र तुम्हाला आणि जाहीर. आधीची दोन पत्रं शाळेच्या कचेरीत दिली होती, त्यांच्यावर आवक क्रमांक पडला, पुढे काही झालं नाही.

माझी धाकटी सहा वर्षांची आहे. तिची बस सहा पंचवीसला कोपऱ्यावर येते, म्हणून तिला साडेपाचला उठवावं लागतं. उठवावं लागतं म्हणजे काय, ते तुम्ही एकदा येऊन बघा. ती उठत नाहीच. मी तिला गोधडीसकट मांडीवर घेते, ती झोपेतच असते आणि मी तिच्या पायात मोजे चढवते. दात घासताना तिचे डोळे मिटलेले असतात. पाण्याचा पहिला शिपका चेहऱ्यावर बसला, की अंग एकदम आक्रसतं, आणि मग ती रडत नाही, नुसती माझ्याकडे बघते. अर्धा कप दूध पोटात जातं. कधी तेही नाही. बाजरीची भाकरी, लोणी, गूळ हे सगळं घरात असतं. पण पहाटे सहा वाजता सहा वर्षांच्या लेकराच्या घशाखाली भाकरी उतरत नाही, साहेब. तिला भूक लागते आठला. तेव्हा ती तुमच्या वर्गात असते आणि डबा असतो साडेनऊला.

मग आंघोळ. तुमच्याकडच्या बाई वर्गात विचारतात, "आज आंघोळ न करता कोण आलंय?" आणि हात वर करायला लावतात. एवढ्यासाठी घरोघरी पहाटे पावणेसहाला न्हाणीघरात गरम पाण्याची घाई. सौर बंबातलं पाणी त्या वेळी कोमट झालेलं असतं. मग कुणी सळईचा हीटर लावतं, कुणी गॅसचा गीझर. मुलाला गार वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतात. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आत गेलेल्या माणसाला ओरडायचीही शुद्ध राहत नाही. असे मृत्यू आपल्या शहरांत झालेले आहेत. गीझर बाहेर बसवा, निदान झरोका उघडा ठेवा, हे मी बस-थांब्यावर भेटणाऱ्या प्रत्येक आईला सांगते. त्याहून सोपं म्हणजे हिवाळ्यात मुलांना आंघोळ दुपारी किंवा संध्याकाळी घालावी, पाणी सौर बंबात तापलेलं असतं, बाहेर ऊन असतं. पण मग सकाळी हात वर करायला लागतो. तो प्रश्न तेवढा बंद करा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता थांब्यावरचं सांगते. सहा वीसला मिट्ट काळोख असतो. कोपऱ्यावरच्या बांधकामावरचा राखणदार शेकोटी पेटवतो. त्याला कुठून मिळणार लाकूड? तो दुधाच्या पिशव्या जाळतो, खोकी जाळतो, कधी टायरचा तुकडा टाकतो. आमची पोरं ऊब दिसली की तिकडे सरकतात. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, त्यामुळे धूर वर जातच नाही, मुलांच्या नाकाच्या उंचीवर तरंगत राहतो. ऊन चढलं की झाकण उठतं आणि धूर पांगतो. म्हणजे दिवसातली सगळ्यात गार आणि सगळ्यात घाण हवा ज्या वेळी असते, नेमकी ती वेळ तुम्ही पहिलीतल्या मुलांना रस्त्यावर आणायला निवडलीत. रात्रभर जमीन ऊब सोडत राहते, पारा तळाला जातो तो उजाडताना. हे भूगोलाच्या तासाला तुमच्याच शाळेत शिकवतात ना?

भूगोलाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. आपलं घड्याळ ज्या रेखावृत्तावर चालतं ते साडेब्याऐंशी अंश पूर्वेचं, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणारं. नाशिक त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपण सूर्याच्या हिशेबात 35 मिनिटं मागे आहोत. तुमच्या घड्याळात सात दहा होतात तेव्हा आपल्या अंगणात खरे साडेसहाच झालेले असतात. नागपूरच्या मुलाला त्याच घंटेला ऊन दिसतं, आमच्याला दिसत नाही. आणि दिवस सगळ्यात लहान डिसेंबरात असला तरी सूर्योदय सगळ्यात उशिरा होतो तो जानेवारीत. लोकांना वाटतं नाताळ सरला की सकाळ लवकर होते. आया सांगतील तुम्हाला, संक्रांतीच्या आठवड्यातली सकाळ सगळ्यात काळी असते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. तिथली थंडी पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजतात आणि डिसेंबर 2018 मध्ये तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री आमच्याकडे कुणी झोपत नाही. थंडीने द्राक्षाचे मणी तडकतात, फुगवण थांबते. म्हणून मामा रात्री दोनला उठतात, बागेत ठिकठिकाणी रचून ठेवलेले लाकडाचे ढीग पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. मी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. कंदील वर धरून त्यांनी एक घड हातात घेतला होता, बोटांच्या पाठीने मणी चाचपून बघत होते, ताप आलेल्या मुलाचा गाल बघावा तसा. तोंडाने काही बोलत नव्हते. पुढच्या वेलीकडे गेले, पुन्हा तसंच.

घडासाठी माणूस रात्र जागवतो, साहेब. तुम्ही सातशे पोरांना त्याच थंडीत बाहेर काढता आणि त्याला संस्कार म्हणता.

लहान मुलाला थंडी आपल्यापेक्षा लवकर लागते, हे तुमच्या एखाद्या डॉक्टर विश्वस्तांना विचारा. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून डोकं-कान झाकणं महत्त्वाचं. एक जाडजूड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ घातलेले बरे. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर स्वेटर. थरांच्या मध्ये जी हवा अडकते तीच ऊब धरून ठेवते. आणि ऊन वाढलं की मूल एकेक थर काढू शकतं, घामाने भिजून गारठत नाही. आता तुमचा गणवेश पाहू. मुलींना गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, मुलांना चौथीपर्यंत हाफ पँट. शाळेचं बोधचिन्ह असलेला बिनबाह्यांचा स्वेटर, तोही तुम्ही सांगाल त्याच दुकानातून. आत दुसरा रंग दिसला तर डायरीत शेरा. वर्गात बूट काढून फरशीवर. डिसेंबरात माझ्या मुलीचे गुडघे जांभळे पडलेले मी पाहिलेत. एकदा डबा जसाच्या तसा परत आला. विचारलं तर म्हणाली, "आई, झाकण उघडेना, बोटं वाकतच नव्हती."

त्या दिवशी मी डब्याचं झाकण स्वयंपाकघरात बसून कितीतरी वेळ उघडून-लावून पाहिलं.

आमच्या बाजूने आम्ही काय करतो, तेही ऐका, नाहीतर म्हणाल पालक सगळं शाळेवर ढकलतात. आमच्या घरात एसी नाही, खोली तापवायचा हीटर नाही, तरी पोरं रात्री उबेत झोपतात. अंथरूण-पांघरूण सकाळी गच्चीवर उन्हात टाकायचं आणि चारच्या आत उचलायचं, ऊन कलल्यावर राहिलं तर पुन्हा दमट होतं. उन्हाने कापूस फुलतो, त्यात हवा भरते, रात्री तीच पांघरायची. सासूबाईंनी जुन्या नऊवारी लुगड्यांच्या तीन गोधड्या शिवल्यात. बारीक धावदोरा, कडेला लाल दंड. धाकटीची गोधडी ज्या लुगड्याची आहे ते तिच्या पणजीचं, हे तिला माहीत आहे आणि ती ते पाहुण्यांना सांगते. संध्याकाळी तळपायाला कोमट तिळाचं तेल, मग मोजे. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब. खिडकीची फट चिंधीने बुजवायची, पण वरची झडप उघडी, कारण पाच माणसं एका खोलीत श्वास घेतात. रात्री हुलग्याचं माडगं, नाहीतर बाजरीची भाकरी आणि लसणीची चटणी. डिंकाचे लाडू दिवाळीनंतर होतातच. तान्ही बाळं असलेल्या घरी मी एवढंच सांगते, की बाळाच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी नको, धुरी तर नकोच, आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. बाळाला छातीशी धरून वर शाल घ्या, त्यापेक्षा चांगली शेगडी नाही.

यातलं काहीही महाग नाही. वेळ लागतो फक्त. संध्याकाळचे दोन तास निवांत लागतात आणि सकाळचा एक. ते तीन तास तुम्ही घेऊन बसलात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप हवी, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. साडेपाचला उठायचं तर नुसते नऊ तास भरायला माझ्या मुलीला साडेआठला झोपलेलं असायला हवं. तिचे बाबा सातपूरहून घरी येतात सव्वाआठला. पंधरा मिनिटांत बाप भेटायचा, जेवायचं आणि झोपायचं. बहुतेक दिवशी ती बाबांशी बोलता बोलता दहा वाजवते, आणि मी त्यात आड येत नाही. सकाळी तिची झोप अर्धवट राहते, त्याचा दोष मी माझ्याकडे घेणार नाही.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. इमारत एक, सत्रं दोन. दुपारी माध्यमिक भरतं, म्हणून प्राथमिक सकाळी. मग उलटं करा ना! आठवी-नववीची पोरं अंगाने मोठी असतात, स्वतः सायकलने येतात. त्यांनाही पहाट सोपी नाही हे मी मान्य करते, माझा मोठा आठवीत आहे, तो कुरकुरेल. पण मोठी आणि धाकटी यांतून एकाला थंडीत काढायचंच असेल तर कुठलं घर धाकट्याला पुढे करतं? दुसरं उत्तर बसचं. बसला दोन फेऱ्या करायच्या असतात, रस्त्यावर नंतर गर्दी होते. ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. सत्रं उलटी झाली तर फेऱ्यांची संख्या तीच राहते, फक्त कोण आधी बसतं ते बदलतं. तिसरं उत्तर, नोकरी करणाऱ्या पालकांना सकाळचीच शाळा सोयीची पडते. काहींना पडते, हो. ज्यांना पडते त्यांना विचारा आणि आम्हालाही विचारा. पालकसभेत हा विषय तुम्ही एकदाही घेतलेला नाही. वॉटर प्युरिफायरच्या देणगीचा तीनदा घेतलात.

आणि हे काही माझ्या एकटीच्या मनातलं नाही. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनीच मुलांची झोप होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलायचं सुचवलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, 2024-25 च्या वर्षापासून. ज्या शाळांना खरंच अडचण असेल त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं, अशी वाटही ठेवली. त्यानंतर पुन्हा हिवाळा आला. तुम्ही त्या वाटेने गेलात का? गेला असाल तर अडचण म्हणून काय लिहून दिलंत, ते आम्हाला दाखवा. निर्णयाची प्रत मी या पत्रासोबत पुन्हा जोडते आहे. तिसरी प्रत आहे. पहिल्या दोन कुठे ठेवल्यात ते कचेरीत विचारून बघा.

माझ्या माहेरच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा दहाच्या पुढे भरते, शनिवार सोडला तर. थंडीत गुरुजी पहिला तास बाहेर पटांगणात उन्हात घेतात. पोरं पाठीवर ऊन घेत पाढे म्हणतात. तिथे फी नाही. आम्ही तुम्हाला वर्षाची फी दोन हप्त्यांत भरतो आणि आमच्या लेकरांच्या वाट्याला काळोख.

आता टोपीचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी धाकटीला कानटोपी विणून दिली. पिवळ्या लोकरीची, वर लाल गोंडा, कानांवर येणाऱ्या पट्ट्या आणि हनुवटीखाली बांधायला बंद. सासूबाईंचे डोळे आता चालत नाहीत. बोटांनी टाके मोजत त्या अठरा दिवस विणत होत्या. एक पट्टी दुसरीपेक्षा जरा लांब झाली, तर म्हणाल्या, "जास्त थंडी वाजेल त्या कानाला लांब घाल." प्रार्थनेच्या वेळी शाळेने ती टोपी डोक्यावरून काढून घेतली. कारण, गणवेशाचा रंग निळा. त्या दिवशी नाशकात पारा दहाच्या खाली होता. मुलगी घरी आली ती कान दोन्ही हातांनी दाबून. आजीला काय सांगायचं हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने सांगितलं, की टोपी मी बाकावर विसरले. सहा वर्षांच्या मुलीला तुमची बाजू सावरून घ्यावी लागली, साहेब. तुमच्या नियमाने तिला आजीशी खोटं बोलायला शिकवलं. या एका गोष्टीचा मला जितका राग आहे तितका बाकी कशाचाच नाही.

मागणं थोडकं आहे. चौथीपर्यंतच्या मुलांना नऊची शाळा, कायमची जमत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर महाशिवरात्रीपर्यंत तरी, लगेच या सोमवारपासून. थंडीत कुठल्याही रंगाची टोपी, मोजे, पूर्ण पँट चालेल अशी सूचना फळ्यावर. वर्गात फरशीवर सतरंजी, आणि बूट काढायचे नाहीत. प्रार्थना उन्हात, किंवा वर्गातच. आंघोळीचा प्रश्न बंद.

टोपी तुमच्या कचेरीतल्या कपाटात आहे, शिपाईमामांनी मला सांगितलं. लाल गोंडा बाहेरून दिसतो म्हणे. ती घ्यायला मी सोमवारी येते आहे, सासूबाईंना घेऊन. सात दहाला आले असते, पण तुमचं दालन साडेनऊला उघडतं, तोवर सासूबाईंना व्हरांड्यात गारठ्यात बसवणं मला बरं वाटत नाही. म्हणून आम्ही साडेनऊलाच येऊ.

कळावे,
पहिली ब मधल्या एका मुलीची आई